हुमल्यांचा मुलूख

१. बागाईतदाराचा प्रश्न

गोव्याच्या पेडणे महालात, उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेल्या त्या जांभ्या दगडाच्या प्रदेशात, ज्याच्या परसात एखादा आंबा वा फणस आहे किंवा ज्याची डोंगरउतारावर चार काजूची झाडे आहेत, असा गृहस्थ क्वचितच आढळेल की ज्याने हुमल्यांचा चावा कधी अनुभवलेला नाही. कोरगाव, धारगळ, तोर्से, इब्रामपूर, कोठल्याही गावी जा. आंबे उतरवण्यासाठी झाडावर चढलेला मनुष्य अर्ध्यातून घाईघाईने खाली येतो, मान, काख, पोटऱ्या चोळचोळून तांबड्या मुंग्या झाडतो, आणि जरा दम खाल्ल्यावर एकच प्रश्न विचारतो : हे हुमले बागेत राहू द्यावेत की पलिता लावून जाळून टाकावेत?

प्रश्न रास्त आहे, आणि ज्याला चावा बसला आहे त्याच्यापाशी पलित्याचे उत्तर तयारच असते. परंतु ज्या जीवाविषयी निकाल द्यावयाचा, त्याचे घर, त्याचे कुटुंब, त्याचे अन्न आणि त्याचे शत्रू यांची माहिती करून घेतल्यावाचून तो दिला, तर अन्याय होतो. आणि या बाबतीत तो अन्याय मुंगीवर होतो तितकाच बागेवरही होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून एकेक गोष्ट क्रमाने पाहू.

गोव्यात ज्यांना हुमले म्हणतात, त्या मुंग्यांना कोकणात अन्यत्र कोठे ओंबील, कोठे उंबील अशी नावे आहेत. शास्त्रज्ञांच्या दप्तरात तिची नोंद फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली केली आणि आज ती ‘ओयकोफायला स्मारग्डिना’ या नावाने ओळखली जाते. भारतापासून आग्नेय आशियातून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत तिचा विस्तार आहे. तिची एकच सख्खी बहीण आज हयात असून ती आफ्रिकेत राहते. म्हणजे काजूप्रमाणे ही कोणा दर्यावर्द्याबरोबर आलेली पाहुणी नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काजूचे झाड गोव्यात आणले, तेव्हा येथील आंब्या-फणसांवर हुमल्यांची वस्ती होतीच, आणि नव्या झाडाचे रुंद, चिवट पान त्यांनी पुढे विनातक्रार आपलेसे केले.

२. घर कसे उभे राहते

झाडाच्या शेंड्याकडे, फांदीच्या टोकाला, जिवंत हिरव्या पानांचा एक गोळा दिसतो. पाने तोडून आणलेली नसतात. त्यांचे देठ शाबूत असतात, त्यांतून रस वाहत असतो, आणि तरी त्यांच्या कडा एका पांढुरक्या, पातळ पदराने एकमेकींना अशा सांधलेल्या असतात की पावसाचे पाणी आत शिरू नये. काही घरटी दोन-तीन पानांत आटोपतात, काही सोललेल्या नारळाएवढी होतात. पाने वाळून करडी पडली की मुंग्या ते घर सोडतात आणि शेजारच्या ताज्या पालवीत दुसरे बांधतात. म्हणून एकाच झाडावर हिरवी, नांदती घरे आणि वाळलेली, ओस घरे एका वेळी दिसतात. बागाईतदाराने कितीदा तरी ओस घरच मोठ्या आवेशाने जाळलेले असते.

आता पानाची कड कशी वाकते ते जवळून पाहा. ज्या जागी घर व्हायचे, तेथे पुष्कळ मुंग्या पानांच्या कडांवर इकडेतिकडे हिंडत असतात आणि जो तो कोपरा जबड्यात धरून ओढून पाहतात. बहुतेक ठिकाणी पान हलत नाही. एखाद्या मुंगीने धरलेले टोक मात्र किंचित वळते. ते वळले की आसपासच्या मुंग्या आपापला प्रयत्न सोडून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहतात आणि तीच कड धरतात. पाहता पाहता त्या कडेवर एक सलग रांग लागते. मागचे पाय एका पानावर रोवलेले, जबडा दुसऱ्या पानाच्या कडेत रुतलेला, देह ताणलेला, अशा स्थितीत ती रांग तसूतसूने मागे सरकते. कोणी हुकूम देत नाही, कोणी मुकादम नसतो. जेथे यश दिसते तेथे हात वाढतात, एवढ्या एका नियमावर सारे काम चालते.

दोन पानांमधले अंतर एका मुंगीच्या लांबीपेक्षा अधिक असेल तर? तेव्हा पहिली मुंगी दूरच्या पानाची कड धरते, दुसरी त्या मुंगीची कंबर धरते, तिसरी दुसरीची, आणि अशी जिवंत साखळी अधांतरी लोंबकळत पान ओढू लागते. एक साखळी पुरेना तर तिच्या बाजूस दुसरी, तिसरी उभी राहते. आंब्याचे जून पान किती ताठ असते हे ज्याने तोरण करताना ते वाकवले आहे त्याला सांगायला नको. ते पान वाकवून, शिवण पुरी होईपर्यंत तसेच धरून ठेवणे हे बळाचे नव्हे, चिकाटीचे काम आहे.

३. रेशीम कोणाचे?

पाने एकमेकींजवळ आली, परंतु सोडली की ती पुन्हा दूर होणार. त्यांना जोडणारा तो पांढुरका पदर म्हणजे रेशीम होय. आणि येथे एक अडचण उभी राहते, कारण प्रौढ मुंगीच्या देहात रेशीम तयार होतच नाही.

ही अडचण समजण्यासाठी मुंगीच्या बाल्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. अंड्यातून निघते ती अळी : पांढरी, पाय नसलेली, जागची न हलणारी, दाया भरवतील ते खाणारी. पूर्ण वाढ झाली की ती कोशावस्थेत जाते आणि त्या कोशातून मुंगी बाहेर येते. हुमल्याच्या गोतातील अनेक जातींच्या अळ्या कोशात जाण्यापूर्वी तोंडाजवळच्या ग्रंथींतून रेशीम काढून स्वतःभोवती आवरण विणतात. हुमल्यांची अळी मात्र स्वतःसाठी काहीच विणत नाही. तिचा कोश उघडाच राहतो. तिच्या वाट्याचे सगळे रेशीम घराच्या शिवणीत खर्च होते.

ते असे. पाने ताणून धरलेल्या मुंग्यांच्या रांगेमागून दुसऱ्या मुंग्या जुन्या घरातून योग्य वयाच्या अळ्या जबड्यात हलकेच धरून आणतात. अळीचे डोके पुढे असते. मुंगी ते एका पानाच्या कडेला टेकवते, आपल्या शृंगिकांनी तिच्या डोक्याभोवती टकटक करते, आणि अळी रेशमाचा चिकट बिंदू सोडते. मग मुंगी तिला दुसऱ्या पानाच्या कडेकडे नेते, तेथे टेकवते, पुन्हा पहिल्याकडे आणते. हातमागावरचा विणकर धोटा या बाजूकडून त्या बाजूस फेकतो आणि सूत आपोआप उलगडत जाते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथला धोटा जिवंत असून सूत त्याच्याच तोंडातून येते. शेकडो फेऱ्या झाल्या की तंतूंवर तंतू चढून तो पांढरा पदर तयार होतो, आणि मग कोठे पाने धरून बसलेली रांग आपली पकड सोडते.

हे रहस्य उलगडण्याच्या इतिहासात आपल्या प्रांताशी संबंध असलेले एक नाव येते. एडवर्ड हॅमिल्टन एटकन याचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात तो नोकरीस होता, आणि उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी अशा ठिकाणी त्याच्या बदल्या होत गेल्या. सरहद्दीच्या नाक्यांवर फिरतीचे काम करणाऱ्या या अंमलदाराने हाताशी असलेल्या किड्यामुंग्यांचे आयुष्यभर अवलोकन केले. १८८३ साली ज्या आठ गृहस्थांनी मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याबरोबर एटकनही होता, आणि त्याच संस्थेच्या नियतकालिकात १८९० साली त्याने तांबड्या मुंग्यांच्या घरट्यांविषयी टिपण लिहिले. योगायोग असा की त्याच वर्षी सिंगापूरहून रिडली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, मुंग्या अळ्यांकरवी रेशीम विणवून घेतात, असे प्रत्यक्ष पाहून नमूद केले. या कसबाचे वय मात्र आपल्या सर्व नोंदींना ओलांडून जाते. केनियात दीड कोटी वर्षांहूनही जुन्या खडकांत याच गोतातील मुंग्यांची एक वसाहत अळ्या-कोशांसह जीवाश्मरूपाने सापडली असून तिच्यातही आजच्यासारख्याच मोठ्या व लहान अशा दोन आकारांच्या कामकरी मुंग्या आहेत.

४. एक राणी, अनेक घरे

आपण एका घरट्याला एक कुटुंब समजतो, आणि येथेच बहुतेकांची समजूत चुकते. हुमल्यांचे कुटुंब म्हणजे एका राणीची सर्व प्रजा. ती प्रजा एका घरात मावत नाही. भरभराटलेल्या वसाहतीची शंभरांहून अधिक घरटी अनेक झाडांवर विखुरलेली असू शकतात आणि कामकरी मुंग्यांची संख्या पाच लाखांच्या घरात जाते. राणी मात्र यांपैकी एकाच घरात असते. तिने घातलेली अंडी आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मुंग्या जबड्यात धरून इतर घरांत नेऊन ठेवतात.

कामकरी मुंग्या दोन आकारांच्या. मोठ्या आठ ते दहा मिलिमीटर लांब. बाहेरची सारी कामे, म्हणजे शिकार, बांधकाम, पहारा, यांच्याकडे. लहान त्यांच्या जेमतेम निम्म्या. त्या बहुधा घरातच राहून पिलावळ सांभाळतात, म्हणून आपल्याला सहसा दिसत नाहीत. राणी यांच्याहून पुष्कळ मोठी, हिरवट तपकिरी रंगाची असते.

वसाहतीचा आरंभ पावसाळ्याच्या तोंडाशी होतो. पंख असलेल्या तरुण राण्या आणि नर उडतात, मीलन होते, नर लवकरच मरतात. राणी पंख टाकून एखाद्या पानाच्या आडोशाला बसते आणि अंडी घालते. पहिली पिढी वाढेपर्यंत ती काही खात नाही. उडण्याचे काम संपलेले पंखांचे स्नायू देहात जिरवून, त्यावर स्वतः जगते आणि अळ्यांना भरवते. सुमारे महिनाभरात पहिल्या मुंग्या बाहेर येतात आणि संसार मार्गी लागतो. अशा एकट्या राण्यांपैकी बहुतेक पक्ष्यांच्या, पालींच्या, अन्य मुंग्यांच्या तोंडी जातात. म्हणून जुनी, नांदती वसाहत बागेतून एकदा नाहीशी झाली तर तिच्या जागी दुसरी उभी राहण्यास काही वर्षे लागतात.

५. हद्द आणि पहारा

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या परसात ओळीने आंबा, फणस आणि काजू अशी तीन झाडे आहेत, आणि त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडल्या आहेत. तिन्ही झाडांवर हुमले दिसतात. हे एकच कुटुंब की तीन? आंब्यावरची एक मुंगी काडीवर घेऊन फणसावर सोडा. तिथल्या मुंग्यांनी शृंगिकांनी चाचपून तिला वाट दिली, तर दोन्ही झाडांवर एकाच राणीचा अंमल आहे. तिला चहूंकडून पाय धरून ताणले आणि चावे घेतले, तर दोन झाडांच्या मध्ये कोठेतरी सरहद्द आहे.

या सरहद्दीची व्यवस्था विलक्षण आहे. आपल्या मुलखातील पानांवर आणि फांद्यांवर मुंग्या विष्ठेचे थेंब टाकून ठेवतात. त्यांचा गंध स्वकीयांना आपलेपणाची आणि परक्यांना परकेपणाची जाणीव देतो. दोन वसाहतींच्या दरम्यान बहुधा एक अरुंद ओसाड पट्टा राहतो, ज्यात कोणाचीच वर्दळ नसते. आणि हद्दीलगतच्या पहाऱ्याच्या घरट्यांत राहणाऱ्या मुंग्या कोणत्या असतात? बर्ट होलडोब्लर या जर्मन शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात केलेल्या अभ्यासावरून असे दिसले की त्या म्हाताऱ्या असतात. तरुणपणी पिलावळ सांभाळायची, मग शिकार करायची, आणि आयुष्य सरत आले की सरहद्दीवर जायचे. ज्यांचे थोडेच दिवस उरले आहेत त्यांनीच मरणाची जोखीम पत्करायची, ही वाटणी पाहून मन आदराने भरून येते.

आपण ज्याला चावा म्हणतो, तो याच पहाऱ्याचा प्रसाद होय. हुमल्यांना नांगी नसते. मुंगी जबड्याने कातडी धरते, पोट पुढे वाकवते आणि जखमेत फॉर्मिक आम्लाची पिचकारी सोडते. आग होते ती या आम्लाची. पकड इतकी घट्ट की झाडताना धड तुटते, डोके तसेच राहते. पहिल्या मुंगीने सोडलेला धोक्याचा गंध हवेत पसरताच शेजारच्या धावून येतात, म्हणून एका जागी एकच चावा असे सहसा घडत नाही.

६. शिकार, गोड रस आणि वेषधारी शेजारी

हुमल्यांचे अन्न दोन प्रकारचे. एक मांसाचे : अळ्या, भुंगेरे, ढेकण्या, माश्या, जे काही झाडावर हलते ते. मोठी शिकार असली तर अनेक मुंग्या तिचे सहाही पाय सहा दिशांना ताणून धरतात, आणि ती गतप्राण झाली की उभ्या खोडावरून घराकडे ओढून नेतात. दुसरे अन्न गोड रसाचे. पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा हे कीटक कोवळ्या फांद्यांतील रस शोषतात आणि त्यांच्या देहातून चिकट, गोड द्रव बाहेर पडतो. हुमले तो चाटतात, आणि त्या लोभाने या कीटकांची राखण करतात, त्यांच्याभोवती पानांचे आवरणही शिवतात. बागाईतदाराच्या दृष्टीने ही हुमल्यांची वाईट बाजू होय. असे कीटक फार वाढले की पानांवर सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि पान काजळून जाते.

सगळेच प्राणी हुमल्यांना भितात असे नाही. काहींनी त्यांचा वेषच घेतला आहे. एक उडी मारणारा कोळी असा आहे की तो पुढचे दोन पाय शृंगिकांसारखे वर धरून, कंबर आवळलेल्या देहाने, हुमल्यांच्या वाटेशेजारून बेधडक चालतो. आठ पायांपैकी सहाच पाय चालताना दिसत असल्यामुळे पक्षीही त्याला मुंगी समजून सोडून देतात. दुसरा खेकडा-कोळी अधिक धूर्त : त्याच्या पोटाच्या मागच्या टोकावर डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतात, आणि तो मरायला टेकलेल्या मुंगीप्रमाणे धडपडल्याचे सोंग करतो, चौकशीला आलेली मुंगी त्याचे भक्ष्य होते.

७. बागेचा हिशेब

हुमल्यांना बागेचे रखवालदार म्हणून नेमण्याची कल्पना नवी नाही. जी हान या चिनी लेखकाचा, इसवी सन ३०४ सालचा मानला जाणारा, दक्षिणेकडील वनस्पतींवरचा ग्रंथ सांगतो की संत्र्यांच्या बागांसाठी या मुंग्या घरट्यांसकट बाजारात विकल्या जात, आणि त्या नसतील तर फळे किडीने नासत. पुढे चिनी बागाईतदार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबू टाकून मुंग्यांना पूल करून देत. कीड मारण्यासाठी कीटक पाळण्याचे जगाच्या माहितीतले हे सर्वांत जुने उदाहरण गणले जाते.

अर्वाचीन काळात या जुन्या अनुभवाची पारख झाली आहे. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या परिसरात रेन्कांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजू व आंबा यांच्या बागांत हीच मुंगी वापरून मुख्य किडी आटोक्यात येतात असे दाखवून दिले. आफ्रिकेत बेनिन देशात तिच्या बहिणीमुळे आंब्यावरील फळमाशीचा उपद्रव घटला; मुंग्या फिरून गेलेल्या फळावर त्यांचा गंध राहतो आणि माशी तेथे अंडी घालायला बिचकते.

पेडण्याच्या दृष्टीने काजूची गोष्ट महत्त्वाची. पावसाळा सरल्यावर काजूला नवी पालवी येते, मागोमाग मोहर येतो, आणि याच वेळी ढेकण्या, ज्याला शेतकी खात्याचे लोक टी मॉस्किटो म्हणतात, कोवळे देठ आणि मोहर शोषून काळा पाडतो. मोहर करपला की त्या फांदीचे बोंडू गेले आणि बीही गेली. हुमल्यांचा वावर असलेल्या झाडावर या किडीला निवांतपणे बसता येत नाही. शिवाय गोव्यात फेणीसाठी बोंडू पिकून खाली पडू देतात आणि मग गोळा करतात; झाडावर चढण्याचा प्रसंग कमी, म्हणून चाव्याचा त्रासही कमी. आंब्याचे गणित वेगळे आहे, कारण मानकुराद झेल्याने उतरवायचा तर झाडात शिरावे लागते. तेव्हा माझा निकाल असा : काजूच्या बागेत हुमले अवश्य ठेवावेत, आंब्यावर ठेवावेत पण काढणीची तजवीज करावी, दाराजवळच्या, मुले खेळतात त्या झाडावर मात्र त्यांचा आग्रह धरू नये.

ठेवायचे तर कसे? एका वसाहतीची झाडे दोरीने वा बांबूने जोडावीत, म्हणजे मुंग्यांना जमिनीवर उतरावे लागत नाही. दोन भिन्न वसाहतींच्या झाडांच्या भिडलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर त्यांचे सारे बळ आपसांतल्या लढाईत खर्ची पडते आणि किडी मोकाट सुटतात. घरटी दुसऱ्या बागेत न्यायची तर सर्व एकाच वसाहतीची, राणीसकट न्यावीत. राणीवाचून नेलेली वसाहत टिकत नाही. पिठ्या ढेकूण फार वाढले तर तेवढ्या फांद्यांवर साबणाचे पाणी मारावे. काढणीस चढण्यापूर्वी हातापायांना राख चोळावी, म्हणजे मुंग्यांची पकड सुटते.

आणि येत्या मोहराला पंप पाठीवर घेण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. ज्या झाडावर हिरव्या पानांची नांदती घरटी असतील, त्या झाडावर विषारी औषध फवारू नका. ढेकण्या एका हंगामात परत येईल, हुमले येणार नाहीत.